दोन-धावी एंजिनाचा वरचा भाग आणि त्याची दुरुस्ती

इ. स. १९६८ मध्ये यामाहा या जपानी कारखान्याने अमेरिकेच्या बाजारात डीटी-१ नावाची मोटारसायकल आणली. डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटा, वाळवंट आणि चिखल यांतून धावावी, हा तिचा उद्देश होता. तिला एकच सिलिंडर असून त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६४ मिलिमीटर आहे. या दोन आकड्यांवरून सिलिंडराचे घनफळ २४६ घन सेंटिमीटर येते, हे वाचकांना स्वतः पडताळून पाहता येईल. या जातीच्या जुन्या गाड्या हौशी लोक आजही बाळगतात व चालवतात. वापरता वापरता एंजिनाची ओढ कमी होते, लाथ मारताना पायाला पूर्वीसारखा विरोध जाणवत नाही आणि सिलिंडरातून खडखड ऐकू येऊ लागते. अशा वेळी एंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, सिलिंडर, दट्ट्या आणि त्याच्या कड्या, उघडून नवा करावा लागतो. आपल्याकडील कारागीर या कामाला ‘हाफ एंजिन’ म्हणतात.

काम वरकरणी सोपे दिसते. चार-धावी एंजिनात असतात तशा झडपा, त्यांच्या स्प्रिंगा, कॅम यांपैकी येथे काहीच नाही. चार नट सोडले की हेड हाती येते, आणखी थोड्या खटाटोपाने सिलिंडरही निघतो. या सोपेपणानेच पुष्कळांची फसगत होते. जुना दट्ट्या काढून नवा बसवला की दुरुस्ती झाली असे ते समजतात, आणि तो नवा दट्ट्या पहिल्याच दिवशी सिलिंडरात जाम होऊन बसतो. असे का होते, हे समजण्यासाठी या एंजिनाचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे.

क्रँकपेटीचा पंपासारखा उपयोग करून घेणारे दोन-धावी एंजिन इंग्लंडमध्ये जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास तयार केले. डीटी-१ चे एंजिन त्याच घराण्यातले. दट्ट्या वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या क्रँकपेटीत दाब घटतो आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत खेचले जाते. दट्ट्या खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन संक्रमणद्वारांतून सिलिंडरात शिरते आणि जळालेला वायू निष्कासद्वारातून बाहेर पडतो. ही सर्व द्वारे उघडण्याचे व झाकण्याचे काम दट्ट्याची भिंतच करते. म्हणजे येथे दट्ट्या शक्ती घेणारा आहे, पंप आहे आणि झडपही आहे. चार-धावी एंजिनात दर दोन फेऱ्यांनी एकदा स्फोट होतो, येथे तो प्रत्येक फेरीला होतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात सेकंदाला १०० स्फोट होतात, आणि दट्ट्याला उसंत मिळत नाही. वंगणही त्याला मिश्रणाबरोबर येईल तेवढेच मिळते. कारण क्रँकपेटीत तेलाचा साठा ठेवण्याची सोय या रचनेत नसते.

म्हणून कुशल कारागीर जुना दट्ट्या फेकण्यापूर्वी तो वाचतो. दट्ट्याच्या अंगावर चार ठिकाणी उभे ओरखडे असतील, तर बहुधा एंजिन थंड असतानाच जोरात पळवले गेले असते किंवा दट्ट्या सिलिंडरात फार घट्ट बसवलेला असतो. ओरखडे केवळ निष्कासद्वाराच्या बाजूला असतील तर अति उष्णतेचा, किंवा पेट्रोल कमी व हवा जास्त अशा मिश्रणाचा संशय घ्यावा. माथ्याला भोक पडले असेल, तर ज्वलन अवेळी किंवा अनावर होत होते. प्रवेशद्वाराकडची बाजू मळकट राखी रंगाची होऊन सारखी घासली गेली असेल, तर दोष हवेच्या गाळणीचा असतो. मातीच्या वाटांवर चालणाऱ्या गाडीत हा शेवटचा प्रकार फार आढळतो. धुळीतील वाळूचे कण लोखंडाहून कठीण असतात. तेलाशी मिसळले की त्यांची घासण्याची लुगदीच बनते. एवढा पुरावा हाती असताना तो कचऱ्यात टाकणे आणि दुकानातून नवा दट्ट्या आणणे, ही घाई पुढे महागात पडते.

आता मुख्य प्रश्न: दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये किती फट असावी? दट्ट्या सिलिकॉनमिश्रित अ‍ॅल्युमिनियमचा आहे. सिलिंडराचे बाह्यांग अ‍ॅल्युमिनियमचे असले तरी त्याच्या आत बिडाचे अस्तर आहे. तापमान १०० अंश सेल्सियसने वाढले तर ७० मिलिमीटर व्यासाचा असा दट्ट्या सुमारे ०.१४ मिलिमीटरने फुगतो. तेवढ्याच व्यासाचे बीड मात्र सुमारे ०.०८ मिलिमीटरनेच वाढते. दट्ट्या अस्तरापेक्षा जलद तापतो, कारण ज्वाला त्याच्या माथ्यावर पेटते आणि सिलिंडराला बाहेरून वारा लागतो. म्हणून दट्ट्या नितळ नळीसारखा घडवत नाहीत. माथ्याकडे तो किंचित निमुळता आणि आडव्या छेदात किंचित लंबगोल असतो. तापल्यावर तो जवळजवळ गोल होतो. त्याचा व्यास तळाजवळ, पिनेशी काटकोनात मोजावयाचा. ओतीव दट्ट्यासाठी तेथील फट साधारणपणे ०.०४ ते ०.०६ मिलिमीटर ठेवतात. घडीव दट्ट्या अधिक फुगतो, म्हणून त्याला याहून जास्त फट लागते. नेमका आकडा दट्ट्या बनवणाऱ्याच्या पत्रकातूनच घ्यावा. माणसाच्या केसाची जाडीही या फटीहून बहुधा अधिक भरते! ती बोटाने चाचपून कळत नाही. मायक्रोमीटर आणि बोअर गेज यांना पर्याय नाही.

सिलिंडर एकाच जागी मोजून भागत नाही. वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन दिशांनी तो मोजावा. झीज सर्वत्र सारखी नसते. द्वारांच्या आसपास आणि कड्या जेथून परत फिरतात तेथे ती अधिक असते. हे निमुळतेपण किंवा लंबगोलपण ०.०५ मिलिमीटरच्या पुढे गेले असेल, तर नव्या दट्ट्याने काहीही साधत नाही. मग सिलिंडर यंत्रावर कापून मोठा करावा लागतो, म्हणजे बोरिंग करावे लागते. त्यासाठी मोठ्या मापाचे दट्ट्ये सामान्यतः ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात: ७०.२५, ७०.५० याप्रमाणे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी दट्ट्या विकत घ्यावा, तो मोजावा आणि त्याच्या मापाला सिलिंडर कापावा. उलट केल्यास फट नशिबावर सोडल्यासारखे होते. कापून झाल्यावर दगडाने घासून भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा उठवतात. त्यांत तेल टिकते आणि कड्या त्यांच्यावर बसतात. द्वारांच्या कडा मात्र बोरिंगने वस्तऱ्यासारख्या धारदार होतात. त्या हाताने गोलसर केल्या नाहीत तर कडी तेथे अडकून मोडते. बोरिंग करून देणारे सगळेच ही काळजी घेतात असे नाही. सिलिंडर परत घेताना कडेवरून बोट फिरवून पाहावे.

कडीची परीक्षा अधिक मनोरंजक आहे. कडी एकटीच सिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील अंतर फीलर गेजने मोजतात. या मापाच्या नव्या कडीत ते साधारण ०.३ मिलिमीटर असते. सिलिंडराचा व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला तर परिघ त्याच्या ३.१४ पट, म्हणजे ०.३१ मिलिमीटरने वाढतो, आणि ही सारी वाढ त्या टोकांमधल्या अंतरात दिसते. म्हणजे बारीक झीज कडी तिपटीने मोठी करून दाखवते. शाळेत शिकलेला पाय असा उपयोगी पडतो. दट्ट्याच्या खाचेत एक छोटी खुंटी असते. कडीचे टोक फिरत फिरत द्वाराच्या तोंडाशी जाऊ नये म्हणून ती ठेवलेली असते. कडी बसवताना दोन्ही टोके तिच्या दोन्ही अंगांना आली पाहिजेत.

वरचा भाग नवा करण्याआधी खालचा तपासावा. कनेक्टिंग रॉड धरून सरळ वरखाली हलवून पाहावा. त्या दिशेने ढिलेपणा जाणवला तर तळाचे बेअरिंग संपलेले आहे आणि ‘हाफ’ काम पुरेसे होणार नाही. क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या तेलसीलांकडेही पाहावे. मॅग्नेटोच्या बाजूचे सील फाटले असेल तर तेथून नुसती हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि दट्ट्या तापून धरला जातो. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. नवे दट्ट्ये पुन्हापुन्हा जाम होतात अशी तक्रार असते, तेव्हा कारण पुष्कळदा पहिल्या सीलात सापडते. जोडणी झाल्यावर प्रवेश व निष्कास द्वारे बुचांनी बंद करून आत सुमारे ६ पौंड प्रति चौरस इंच दाब भरतात आणि काही मिनिटे वाट पाहतात. काटा उतरू लागला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठे येतात ते शोधावे.

जोडताना दट्ट्याच्या माथ्यावरील बाण निष्कासद्वाराकडे असावा. पिनेच्या दोन्ही सर्क्लिप नव्याच घालाव्यात, आणि त्या बसवताना क्रँकपेटीच्या तोंडावर स्वच्छ फडके असावे. निसटलेली सर्क्लिप पेटीत पडली तर सारे एंजिन खोलावे लागते. हेडचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. डीटी-१ मध्ये तेल वेगळ्या टाकीतून पंपाने येते. म्हणून त्या नळीतील हवेचे बुडबुडे काढून, पहिल्या टाकीभर पेट्रोलातही थोडे तेल मिसळणे सुरक्षित असते. एंजिन प्रथम सुरू करून केवळ कोमट होऊ द्यावे आणि पूर्ण थंड करावे. असे दोन-तीनदा करावे. मग थंड एंजिनावर नट पुन्हा तपासावेत. पहिल्या थोड्या फेरफटक्यानंतर स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याचे चिनी मातीचे टोक विटकरी किंवा बदामी दिसले तर मिश्रण ठीक आहे. ते पांढरेफटक असेल तर गाडी पुढे न नेता कार्ब्युरेटर आणि सील यांकडे पुन्हा वळावे.