धूर गेला तरी शेगडीतला धोका जात नाही

थंडीचा कडाका वाढला की एक सल्ला हमखास कानावर पडतो : शेगडी आधी बाहेर पेटवायची, धूर निघून गेला आणि कोळसे लाल झाले की मग खोलीत आणायची. उत्तर भारतात जवळजवळ दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, तरीही हा सल्ला छातीठोकपणे दिलाच जातो.

जीव घेतो तो धूर नव्हे, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आणि तो भरपूर तयार होतो तो नेमका लालबुंद निखाऱ्यांतच : कोळसा जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशातून वर सरकताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही.

गॅस हीटरबद्दलही तोच भ्रम आहे : ‘वास येत नाही, म्हणजे गळती नाही.’ सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस अर्धवट जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला तो नसतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे ८ पर्यटक खोलीत बेशुद्ध सापडले. त्यांत ४ मुले होती. दारे-खिडक्या बंद होत्या आणि आत गॅस हीटर चालू होता. काठमांडूला नेल्यावर डॉक्टरांनी आठही जणांना मृत घोषित केले. हिमाचल किंवा काश्मीरच्या सहलीला निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही घटना लक्षात ठेवायला हवी. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा धोकाही याच जातीचा.

‘वाटीभर पाणी ठेवले की गॅस शोषला जातो.’ साफ खोटे. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

‘विजेचा हीटर प्राणवायू खातो.’ नाही. कॉइल विजेच्या रोधामुळे तापते. तिथे काहीच जळत नाही.

‘ऑइल हीटरमधले तेल संपते.’ ते बंदिस्त असते, फक्त उष्णता धरून ठेवते.

‘कुठल्याही एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर चालतो.’ २००० वॉटचा हीटर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. ६ अँपिअरचा बोर्ड तापून वितळू शकतो. १६ अँपिअरचे भिंतीतले सॉकेटच वापरावे आणि पडदे, पांघरुणे हीटरपासून निदान ३ फूट दूर ठेवावीत.

झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवा, गॅस हीटर बंद करा. खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले तर दार उघडून सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा नॉर्मल दाखवू शकतो. त्यावर विसंबू नका. शेगडी किंवा गॅस हीटर चालू होता, हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.