स्त्रियांचा हृदयविकार : चेन्नईतील एक नोंदवही

हृदयविकार हा पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांचा रोग होय, अशी समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे. अमेरिकेतही ती होती. ती खोडून काढण्यासाठी तेथील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने २००२ साली लोकशिक्षणाची मोहीम हाती घेतली व लाल पोशाख हे तिचे चिन्ह ठरविले. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांनाही हृदयाच्या रोहिण्या अरुंद होण्याचा धोका वाढतो. झटक्याच्या वेळी छातीतील वेदनेच्या जोडीला धाप, मळमळ, जबड्यात वा पाठीत कळ ही लक्षणे त्यांच्यात अधिक आढळतात. हे ज्ञान आपल्याही उपयोगाचे आहे. परंतु तेवढ्यावरच थांबल्यास आपल्याकडील पुष्कळ स्त्रिया या शिक्षणाच्या कक्षेबाहेर राहतात. त्या कोण, हे चेन्नईतील एका नोंदवहीवरून दिसून येते.

१८३५ साली स्थापन झालेल्या मद्रास मेडिकल कॉलेजातील तज्ज्ञांनी जुलै २०१६ ते डिसेंबर २०१९ या काळात हृदयविकार असलेल्या १,००५ स्त्रियांच्या १,०२९ गर्भारपणांची नोंद ठेवली. त्यांपैकी ६२३ वेळा रोगाचे निदान त्याच गर्भारपणात प्रथम झाले. तोवर त्या स्त्रीस आपल्या रोगाचा पत्ताच नव्हता. ४३३ वेळा रोगाचे मूळ संधिज्वरात, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवरमध्ये होते. वीस माता दगावल्या.

या ज्वराचा आरंभ क्षुल्लक वाटणाऱ्या घसादुखीने होतो. बहुधा पाच ते पंधरा या वयात स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू घशात शिरतात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा किंवा मनगट सुजते. जंतूंशी झुंजण्यासाठी शरीराने सिद्ध केलेली शक्ती आपल्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पूर्ववत होतात, झडप मात्र पुष्कळदा होत नाही. तिच्या कडा वर्षानुवर्षे जाड होत एकमेकींस चिकटतात आणि डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त उतरण्याची वाट अरुंद होत जाते. एरवीच्या कामाला एवढी वाट कशीबशी पुरते. गर्भारपणात मात्र शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते व नाडी जलद चालते. चिंचोळ्या दाराशी गर्दी व्हावी तसे रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी उतरते आणि उताणे निजताच श्वास कोंडतो.

गर्भारपणात थोडी धाप बहुतेकींना लागते. घरातील वडीलधाऱ्या बायका तसेच सांगतात, आणि बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरेही असते. घोटाळा होतो तो नेमका येथेच. सपाट निजता न येणे, मध्यरात्री गुदमरून जाग येणे, खोकल्यातून रक्त पडणे, छातीत सारखी धडधड होणे किंवा शुद्ध हरपणे यांना मात्र साधी धाप समजू नये. अशा स्त्रीस त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. इकोची तपासणी झडपेची स्थिती दाखविते. मांडीच्या शिरेतून नेलेल्या फुग्याने योग्य रुग्णात अरुंद झडप रुंद करता येते, जरूर पडल्यास गर्भारपणातही. कृत्रिम झडप बसविलेल्या स्त्रीने तर दिवस राहण्यापूर्वीच वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि रक्त न गोठण्याचे औषध आपल्या मनाने सोडू नये.

तमिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’, म्हणजे लोकांना शोधत जाणारे वैद्यक, ही योजना सुरू केली. तीत स्त्री-स्वयंसेविका घरोघर जाऊन रक्तदाब व मधुमेह तपासतात. घरात गर्भवती असल्यास ‘निजताना उशा किती लागतात?’ हा प्रश्नही अशा भेटीत विचारता येईल. त्याला ना यंत्र लागते, ना पैसा. दुसरा प्रश्न शाळकरी मुलींविषयी विचारावा. संधिज्वर होऊन गेलेल्या मुलीस पेनिसिलिनची सुई दर तीन-चार आठवड्यांनी, कित्येक वर्षे घ्यावी लागते. सांध्यांची सूज ओसरली म्हणून ती मध्येच बंद केली, तर ज्वर उलटण्याचा संभव असतो, आणि तो जितक्या वेळा उलटेल तितकी झडप अधिक बिघडते.