पाण्यात उभं राहून श्वास घेणारं गवत

'भात हे पाण्यात वाढणारं पीक आहे.' तुझ्या शोधनिबंधाचं हे पहिलं वाक्य मी वाचलं, बाय. पुस्तकांत ते असतंच, आणि आपल्या कर्जतच्या कुठल्याही बांधावर विचारलंस तरी हेच ऐकायला मिळेल. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. भात पाण्यात जगतो हे खरं. त्याची मुळं मात्र तुझ्यामाझ्यासारखी हवेवरच जगतात. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवलीस की भातशेतीच्या पाण्याचा सगळा प्रश्न तुझ्यापुढे उलगडेल. म्हणून तक्ते आखण्याआधी त्या रोपाची गोष्ट ऐक.

तुरीच्या शेतात चार दिवस पाणी तुंबलं तर काय होतं, तू पाहिलं आहेस. पानं पिवळी पडतात, झाड माना टाकतं. पाण्यात उभं असून ते सुकतं. कारण मुळांना काम करायला ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. पोकळ्या पाण्यानं भरल्या की ती वाट बंद. हवेत वायू ज्या वेगानं पसरतात, त्याच्यापेक्षा दहा हजार पटींनी सावकाश ते पाण्यात पसरतात. शिवाय मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. ते उरलासुरला ऑक्सिजन एकदोन दिवसांत संपवतात. मग मूळ गुदमरतं.

त्याच चिखलात भाताचं रोप मात्र हिरवंगार उभं असतं. त्याच्या मुळाभोवतीही हवा नसते. मग ते श्वास कुठून घेतं?

वरून, पानांतून. भाताचं मूळ आडवं कापून भिंगाखाली धर. मधल्या गाभ्याभोवतीचा भाग पोकळ नळ्यांनी भरलेला दिसेल. पपईच्या पानाचा देठ जसा आरपार पोकळ असतो, तशाच या नळ्या पानापासून खोडातून थेट मुळापर्यंत जातात. शास्त्रज्ञ त्यांना वायुऊती म्हणतात. या नळ्या तयार कशा होतात, ते तर फारच अद्भुत आहे. मूळ वाढत असताना त्याच्या सालीतल्या काही पेशी ठरल्या वेळी आपण होऊन मरतात आणि त्यांच्या जागी पोकळी उरते. काही पेशी जातात, म्हणून बाकीच्यांना श्वास मिळतो.

पण नळी लांब आणि भोवती ऑक्सिजनला हपापलेला चिखल. वाटेतच हवा गळून गेली तर टोकापर्यंत काय पोचणार? त्याचीही सोय रोपानं केली आहे. साचल्या पाण्यात मुळाच्या जुन्या भागावर बुचासारख्या द्रव्याचा थर चढतो आणि गळती थांबते. हवा टोकापर्यंत जाते आणि तिथून थोडी बाहेर झिरपते. त्या झिरपलेल्या ऑक्सिजननं चिखलातलं लोह गंजतं आणि मुळावर तांबूस थर बसतो. यंदा लावणीनंतर महिन्याभरानं एक चूड अलगद उपटून धुऊन बघ. मुळं तांबूस दिसली, तर रोप नीट श्वास घेतंय असं समज. काळी पडली असतील आणि नासक्या अंड्याचा वास येत असेल, तर खाचरातलं पाणी काढायची वेळ आली आहे. असं निरीक्षण निबंधात घालायला लाजू नकोस. त्याला यंत्र लागत नाही, पण त्यात शास्त्र पुरेपूर आहे.

आणखी एक प्रयोग सांगतो. भाताचं पान तोड आणि काचेच्या पेल्यातल्या पाण्यात बुडव. बुडालेलं पान चांदीसारखं चमकतं. भाताच्या पानावर पाणी चिकटत नाही, त्यामुळे हवेचा पातळ पापुद्रा पानाभोवती अडकून राहतो. पुरात अख्खं रोप बुडालं, तरी हा पापुद्रा त्याला पाण्यातून वायू घ्यायला मदत करतो.

बियाणंही तसंच धीराचं. बहुतेक बियांना रुजायला हवा लागते. भाताचं बी ऑक्सिजन नसतानाही रुजतं, पण तेव्हा ते मुळाची घाई करत नाही. आधी कोंब वर पाठवतं. कोंबाला हवा सापडली की मग मूळ आणि पानं वाढीला लागतात.

आता पुराची गोष्ट. त्यातलं मुख्य पात्र तुझ्या ओळखीचं आहे. आढीत आंबा पिकतो तो इथिलीन नावाच्या वायूमुळे. हाच वायू भाताचं रोपही सतत तयार करत असतं आणि तो हवेत निघून जातो. रोप बुडालं की बाहेर पडायची त्याची वाट बंद होते. इथिलीन आतच साचतो आणि रोपाला कळतं, आपण पाण्याखाली आहोत.

पुढे काय करायचं, यावर भाताच्या जातींचे दोन मार्ग आहेत. बांगलादेशातल्या खोल पाण्याच्या भातजाती पाण्याबरोबर उंच होत जातात. एका दिवसात वीतभर वाढून त्या आपला शेंडा पाण्याबाहेर ठेवतात. ही वाढ घडवणारी जनुकं जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिली. दुसरा मार्ग ओडिशातल्या एका जुन्या वाणाचा. तिथून निवडलेला एफआर १३ए हा भात पाण्याखाली गेला की वाढ थांबवतो, साखर जपून वापरतो आणि पाणी ओसरायची वाट बघतो. साधारण दोन आठवडे तो असा तग धरतो. त्यामागचं सब-१ए हे जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं. पुढे ते 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात संकरानं आणलं आणि २००९ मध्ये भारतात 'स्वर्णा सब-१' प्रसारित झाला. इशारा एकच, इथिलीनचा. एक भात तो ऐकून धावतो आणि दुसरा थांबतो. कुठल्या गावाला कुठला भात हवा, हे त्या गावचं पाणी किती खोल चढतं आणि किती दिवस राहतं त्यावर ठरतं.

म्हणजे बघ, पाणी सोसण्यासाठी या गवतानं केवढी तयारी केली आहे. ज्याला पाणी सोसायची एवढी तयारी करावी लागते, त्याला सतत पाणी हवंच असतं असं कसं म्हणायचं?

मग आपण खाचर भरून का ठेवतो? त्याला सबळ कारणं आहेत आणि ती निबंधात मानानं लिही. पहिलं कारण तण. बहुतेक तणांच्या बियांना बुडून रुजता येत नाही. भाताला जमतं आणि तणाला जमत नाही, एवढ्याच फरकाच्या बळावर आपल्या पूर्वजांनी तण आटोक्यात ठेवलं. दुसरं कारण खत. साचल्या पाण्यात आम्ल जमीन हळूहळू समतोलाकडे येते आणि स्फुरद पिकाला सहज मिळतो. शिवाय पाण्यावरचं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र बांधून देतं. खाचरातल्या या शेवाळाचं काम पी. के. डे या आपल्या भारतीय शास्त्रज्ञानं १९३९ मध्ये दाखवून दिलं. तिसरं कारण चिखलणी. चिखलणीत मातीची ढेकळं मोडून कण खाली बसतात, नांगराच्या तळाशी घट्ट थर होतो आणि पाणी खाली मुरणं कमी होतं.

पण या भरलेल्या खाचराची किंमतही आहे. ऑक्सिजन संपल्यावर चिखलातले जीव थांबत नाहीत. ते क्रमानं नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. हे सगळं सरलं की अगदी प्राचीन कुळातले, ऑक्सिजन न सोसणारे जीव कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. इटलीत १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टानं तळ्याकाठचा गाळ काठीनं ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि ते पेटतात हे पाहिलं. तोच हा वायू. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७ पट जास्त उष्णता धरून ठेवतो आणि माणसाच्या उद्योगांतून सुटणाऱ्या मिथेनपैकी ८ ते १० टक्के भातखाचरांतून येतो. तो बाहेर कसा पडतो, माहीत आहे? बुडबुड्यांतून थोडाच. बहुतेक सगळा त्याच पोकळ नळ्यांतून वर येतो, ज्यांतून रोप श्वास घेतं. हवा खाली नेणारी वाट मिथेनला वर आणते.

आता पाण्याचा हिशेब. एक किलो साळीमागे शेतात पाऊस आणि सिंचन मिळून सरासरी २५०० लिटर पाणी लागतं, असा आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यातलं पानांतून जातं ते पिकाच्या कामाचं. पण बरंच पाणी जमिनीत मुरतं आणि बांधातून पाझरतं. आपल्याकडे खेकडे बांधाला भोकं पाडतात आणि रात्रीत खाचर रिकामं होतं. बांध लिंपणं हेसुद्धा जलव्यवस्थापनच आहे. त्याला निबंधात जागा दे.

फिलिपीन्समधल्या त्या संस्थेनं यावर एक अगदी साधी रीत पसरवली. साधारण ३० सेंटिमीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप घ्यायचा, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडायची आणि तेवढा भाग जमिनीत गाडून आतली माती काढायची. आता जमिनीखालचं पाणी डोळ्यांना दिसतं. लावणीनंतर पहिले एकदोन आठवडे तणासाठी पाणी ठेवायचं. पुढे खाचर आटू द्यायचं. पाइपातली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी भरायचं. वर जमीन कोरडी दिसली तरी मुळांना खाली ओल मिळत असते. या ओल्या-सुक्या पाळीनं उत्पन्न न घटता ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं आणि मिथेन निम्म्याच्या आसपास उतरतो. एक पथ्य मात्र कडक आहे. भात निसवून फुलोऱ्यात येतो तेव्हा त्याला कोरडं ठेवायचं नाही. त्या दिवसांत ताण बसला तर लोंबीत पोचट दाणे भरतात.

ही रीत आपल्याकडे कुठे चालेल, हा तुझ्या निबंधाचा खरा प्रश्न. पावसाळ्यात कर्जतला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा पाइप बघून पाणी कमीजास्त करणं आपल्या हाती नसतं. तेव्हा निचरा महत्त्वाचा. पण राजनाला कालव्यावरच्या उन्हाळी भाताकडे बघ. ठोकरवाडी धरणाचं पाणी १९२२ सालापासून भिवपुरीच्या वीजघरात वीज करतं आणि पुढे याच कालव्यानं आपल्या खाचरांत येतं. मुळात आंध्रा नदीचं हे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं. सह्याद्री उतरून ते आपल्याकडे आलं आहे. उन्हाळ्यातलं हे पाणी दारं उघडून सोडायचं असतं, म्हणून इथे पाळी बसवता येते. पण एक अडचण नक्की लिही. आपल्याकडे पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरतं. वरच्यानं भरलं तर खालच्याला सुकवता येत नाही आणि वरच्यानं अडवलं तर खालचा तहानतो. म्हणून पाइप एकट्याच्या शेतात रोवून भागत नाही. ओळीतल्या सगळ्यांनी मिळून पाळी ठरवावी लागते. शास्त्र रोपापुरतं खरं ठरतं, पण ते शेतावर चालवायला शेजार लागतो.

तेव्हा असं कर. शेजारशेजारची दोन खाचरं निवड. एक नेहमीसारखं भरलेलं, दुसरं पाळीचं. नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेलं सगुणा राइस तंत्र आहे. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर टोकणी आहे. जमलं तर तेही तिसरं खाचर म्हणून घे. रोज पाइपातली पातळी लिही. पाणी किती वेळा दिलं, तण काढायला किती माणसं लागली, फुटवे किती, भरलेले दाणे किती, हे सगळं नोंदव. मिथेन मोजायचा तर नायट्रस ऑक्साइडही मोज. जमीन ओली-सुकी होताना तो जास्त सुटू शकतो आणि उष्णता धरण्यात तो मिथेनच्याही कितीतरी पुढे आहे. एका वायूचा फायदा लिहून दुसऱ्याकडे डोळेझाक करणं हे शास्त्र नव्हे. मोजमापाची पद्धत कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारून घे. १९१९ पासून तिथे याच मातीत भातावर काम चालू आहे.

आणि ते पहिलं वाक्य बदल. असं लिही: 'भात पाणी सोसतो, म्हणून ते त्याला कधी द्यावं आणि कधी काढून घ्यावं हे शेतकऱ्याला ठरवता येतं.' या वाक्याला पुरावा लागेल आणि तो तुलाच गोळा करायचा आहे. उन्हाळी भाताची लावणी होण्याआधी राजनाल्याखालच्या शेतकऱ्यांना भेट आणि वरच्या खाचरापासून सुरुवात कर. पाण्याचा निर्णय तिथूनच होतो.