बाजारभाव-दर्शन, संगणकीय

शेअर, वायदे, परकीय चलने इत्यादींचे क्षणोक्षणी बदलणारे भाव व्यक्तिगत संगणकावरील माहितीसंग्रहात म्हणजेच डेटाबेसमध्ये घेऊन ते पडद्यावर सतत दाखविण्याची पद्धती. भाव किती आहे याइतकेच तो केव्हाचा आहे, यास या पद्धतीत महत्त्व असते.

बाजाराबाहेर भाव सतत पोहोचविण्याचे पहिले यशस्वी साधन म्हणजे एडवर्ड कॅलाहन यांनी १८६७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रचारात आणलेले टिकर यंत्र होय. ते तारेने आलेले भाव कागदी फितीवर छापीत असे. २४ ऑक्टोबर १९२९ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात सु. १.२९ कोटी शेअरांची उलाढाल झाली. बाजार दुपारी ३ वाजता बंद झाला. परंतु फितीवरील अखेरचे भाव सायंकाळी ७ नंतर छापले गेले. परिणामी बाहेरील असंख्य गुंतवणूकदारांना आपले शेअर कोणत्या भावाने जात आहेत, हे वेळीच कळू शकले नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या नॅसडॅक प्रणालीने भाव संगणकीय पडद्यावर आणले. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये व मुंबई शेअर बाजाराने १९९५ मध्ये पडद्यावरील व्यवहार सुरू केले.

व्यक्तिगत संगणकात एका आज्ञावलीतील भाव दुसरीत नेण्यासाठी विंडोज प्रणालीत १९८७ पासून डायनॅमिक डेटा एक्स्चेंज ही सोय उपलब्ध झाली. १९९२ मध्ये आलेल्या ॲक्सेस या माहितीसंग्रहातही तिचा उपयोग करण्यात आला. पुढे एक्सेल २००२ या आवृत्तीत आरटीडी हे फलन आले. त्यात पडदा साधारणतः दर २ सेकंदांनी ताजा होतो. हा कालावधी बदलता येतो. दोन नूतनीकरणांच्या दरम्यान भाव अनेकदा बदलल्यास केवळ शेवटचा भाव दिसतो. त्यामुळे पडद्यावरून टिपलेली भावांची मालिका प्रत्येक सौद्याची नोंद ठरत नाही.

माहितीसंग्रह हा मूलतः नोंदी जपण्यासाठी रचलेला असतो. भावांचा ओघ मात्र अखंड असतो. ५० शेअरांचा प्रत्येकी एक भाव दर सेकंदास नोंदविल्यास सव्वासहा तासांच्या सत्रात ११,२५,००० नोंदी होतात. ॲक्सेसच्या एका फाइलीची कमाल मर्यादा २ गिगाबाइट असून, पुसलेल्या नोंदींची जागा फाइल संक्षिप्त केल्याखेरीज कमी होत नाही. यास्तव दोन कोष्टके वेगळी ठेवणे इष्ट असते : पहिल्यात प्रत्येक शेअरची एकच ओळ असून तीत ताजा भाव बदलत राहतो, दुसऱ्यात आवश्यक तेवढाच इतिहास साठविला जातो. पडद्यावरील पत्रक पहिले कोष्टक ठराविक कालावधीने पुन्हा वाचते.

जोडणी तुटली, तरी शेवटचा भाव पडद्यावर तसाच राहतो व तो ताज्या भावाप्रमाणेच दिसतो. हाच या पद्धतीतील सर्वांत मोठा धोका होय. म्हणून प्रत्येक भावासोबत बाजारातील सौद्याची वेळ व संगणकात तो पोहोचल्याची वेळ अशा दोन्ही नोंदवितात आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जुना झालेला भाव वेगळ्या रंगात दाखवितात. अशी खूण नसल्यास पाहणाऱ्यास शिळ्या भावावर व्यवहार होण्याचा संभव राहतो.