प्रशिक्षणातून घडणारे अध्ययन : साहाय्य आणि त्याची माघार

ताम्हिणी घाट ज्या गिअरमध्ये चढता येतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा नियम वाहन शिकणाऱ्या प्रत्येकास सांगितला जातो. परीक्षेत तो अचूक सांगणारा नवखा चालक पहिल्याच तीव्र उतारावर मात्र केवळ ब्रेकवर विसंबतो. शेजारी बसलेला जाणकार त्याच क्षणी 'गिअर खाली घे' म्हणतो, तेव्हा कुठे नियमाचे कौशल्यात रूपांतर होऊ लागते. व्याख्यान आणि प्रशिक्षण यांतील मूलभूत भेद हाच होय. (योगायोग असा की 'कोच' हा शब्दही मुळात वाहनाचाच. हंगेरीतील कोच या गावच्या घोडागाडीवरून तो आला आणि १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिक्षकास तो लावला.)

विद्यार्थी स्वबळावर जे करू शकतो आणि जाणकाराच्या साहाय्याने जे करू शकतो, यांमधील अंतरास लेव वायगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी अध्ययनाचे खरे क्षेत्र मानले. वुड, ब्रूनर व रॉस यांनी १९७६ मध्ये अशा साहाय्यास बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. परांची अखेर उतरवावयाचीच असते.

ती कशी उतरवावी, हे मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर (१९३२-२०१९) यांच्या पद्धतीत दिसते. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा केवळ एक सामना होता. परंतु उत्तम खेळणे आणि खेळातील चूक हेरणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. सचिन तेंडुलकरला त्यांनी एका उन्हाळी सुट्टीत ५० हून अधिक सराव सामने खेळावयास लावले. सरावाच्या अखेरीस, तो दमलेला असताना, ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करणाऱ्या गोलंदाजास ते मिळे, नाबाद राहिल्यास सचिनला. अशी १३ नाणी त्याने मिळवली. येथे सूचना संपलेली आहे. गुरू बाजूला झाला असून परिस्थितीच शिकवीत आहे. हे यश केवळ एका असामान्य प्रतिभेचे म्हणावे, तर विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित हेही त्याच मैदानावर घडले. शाबासकी न देण्याचा त्यांचा कठोर बाणा मात्र प्रत्येक वर्गात अनुकरणीय ठरेल असे नाही.

महाराष्ट्रात आज 'कोचिंग' म्हटले की शेकडो विद्यार्थ्यांनी भरलेले दालन आणि ध्वनिक्षेपक डोळ्यांसमोर येतो. तेथे चूक घडताना पाहणारे कोणी नसते. महाविद्यालयीन वेळापत्रकातील ट्यूटोरियलचा तास नेमका यासाठीच होता. अनेक ठिकाणी त्या तासालाही अपुरा राहिलेला अभ्यासक्रमच शिकविला जातो.