शाळेचे बूट आणि मुलाचा पाय

जून महिन्यांत शाळा उघडावयाच्या सुमारास जोड्यांच्या दुकानांतून जो देखावा दिसतो, तो ज्या घरांत सहा ते बारा वर्षांचें मूल आहे त्या घरास परिचितच आहे. वह्या, दप्तर, रेनकोट यांची खरेदी मूल मोठ्या उत्साहानें करतें. पण बुटांचें नांव निघालें कीं त्याचें पोट दुखूं लागतें. दुकानांत तें स्टुलावर बसतें खरें, परंतु पाय पुढें करीत नाहीं, केलाच तर बोटें आंखडून घेतें, आणि “होतो ना?” या प्रश्नास होकार कीं नकार हें कळूं नये अशा बेतानें मान हलवितें. आई घायकुतीस येते, वडील घड्याळाकडे पाहूं लागतात, आणि अखेरीस मुलाच्या मनांत काय आहे हें न कळतांच एक जोड खोक्यांत बांधला जातो.

या अनिच्छेस आपण हट्ट म्हणतों. आमच्या मतें ती पुष्कळदां पायाचीच तक्रार असते. मुलाला ती शब्दांत मांडतां येत नाहीं, इतकेंच.

लहान मुलाचा पाय ही मोठ्या माणसाच्या पायाची छोटी प्रतिकृति नव्हे. प्रौढ माणसाच्या एका पायांत २६ हाडें असतात. जन्माच्या वेळीं त्यांतील पुष्कळशीं नुसत्या कूर्चेच्या स्वरूपांत असतात आणि तीं पुरतीं टणक होण्यास किशोरवय उलटावें लागतें. असा कोंवळा पाय अरुंद बुटांत घातला तर तो निमूटपणें बुटाच्या आकारास वश होतो. अंगठा करंगळीच्या दिशेस कलूं लागतो, नख मांसांत रुततें, टांचेस फोड येतात. आणि हें सर्व मोज्याच्या आंत झांकलेलें असल्यामुळें घरांत कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

गेल्या वर्षीं आम्ही आमच्या सात वर्षांच्या नातवास घेऊन पुण्यांतील लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानांत गेलों होतों. विक्रेत्यानें बुटाचें टोंक आंगठ्यानें दाबून पाहिलें आणि “काका, अगदीं बरोबर बसलाय” असा निर्वाळा दिला. नातू गप्प. सूनबाईंनीं विचारलें, “टोचतो का रे?” “नाहीं.” “घट्ट होतो का?” “नाहीं.” “मग तोंड असं कां केलंयस?” यावर उत्तर नाहीं. आम्हीं त्यास बूट काढावयास सांगितलें, खोक्याचें झांकण उलटें ठेवून त्यावर त्यास उभें केलें, आणि पावलाभोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढली. मग बूट त्या आकृतीवर ठेवला. लांबीस तो बरोबर होता. पण करंगळीच्या बाजूस रेघ बुटाच्या चांगली बाहेर डोकावत होती. “आबा, माझी करंगळी बाहेरच राहिली!” असें म्हणून स्वारी त्या दिवशीं प्रथमच हंसली. पुढें दुसऱ्या दोन जोडांची परीक्षा त्यानें स्वतःच घेतली, आणि विक्रेत्यासहि हा खेळ आवडला असें दिसलें.

या प्रकरणीं एकट्या विक्रेत्यास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. बाजारांतील नंबर मुख्यतः लांबी सांगतात. इंग्लिश मानांत जवाचे तीन दाणे लांबीनें ठेवले कीं एक इंच होतो, आणि बुटाचा एक नंबर म्हणजे असा एक जव. मुलांचे नंबर १३ पर्यंत चढले कीं पुनः १ पासून मोजणी सुरू होते. त्यामुळें गतवर्षीं १३ नंबरचा बूट घालणारें मूल यंदां १ नंबरचा मागतें आणि आई बुचकळ्यांत पडते. आपल्या प्राचीन मानांतहि जव होताच. आठ यवांचें एक अंगुल. मात्र तेथें दाणे आडवे, रुंदीनें मांडावयाचे. आपल्या पावलांसहि रुंदीचें माप अधिक अगत्याचें दिसतें. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें देशभरांतील सुमारें एक लाख लोकांच्या पावलांचीं मापें यंत्रानें घेतलीं. त्यांत भारतीयांचीं पावलें पाश्चात्यांच्या मानानें रुंद आढळल्याचें वृत्त २०२४ सालीं प्रसिद्ध झालें, आणि ‘भा’ या नांवाची स्वतंत्र भारतीय मापपद्धति सुचविण्यांत आली.

मुलास विचारण्याऐवजीं यंत्रास विचारण्याची हौस तर एके काळीं पराकोटीस गेली होती. १९२० नंतरच्या तीन दशकांत युरोप-अमेरिकेंतील कित्येक दुकानांतून क्ष-किरणांचीं यंत्रें बसविलेलीं असत. मुलानें बूट घालून त्यांत पाय ठेवावा आणि आईनें वरच्या भिंगांतून आंतील हाडें पाहावीं! किरणांचा धोका ध्यानीं आल्यावर तीं यंत्रें अडगळींत गेलीं. पेन्सिलीस असा कांहीं धोका नाहीं.

आतां आमच्या मध्यमवर्गाच्या एका लाडक्या काटकसरीविषयीं. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घ्यावयाचे आणि टोंकांत कापूस कोंबावयाचा, ही रीत कोणत्या घरीं नाहीं? तिच्यामागील हिशेब आम्हांस कळतो. सहा ते दहा वर्षांच्या वयांत पाऊल वर्षाला साधारण सेंटिमीटरभर, म्हणजे सुमारें एका नंबरानें वाढतें. आणि बूट कांहीं स्वस्त नाहींत. परंतु सैल बुटांत टांच निसटते, ती सांवरण्यासाठीं मूल बोटें आंत वळवून चालतें, आणि मधल्या सुटींत पळतांना पडतें. सर्वांत लांब बोटापुढें, मग तें अंगठा असो वा शेजारचें, मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. त्याहून अधिक नको. थोरल्या भावाचे बूट धाकट्यास देण्याची चालहि आम्हांस तितकीशी पसंत नाहीं, कारण आंतला तळवा पहिल्या पायाच्या ठेवणीचा झालेला असतो. काटकसर करावयाचीच तर ती दप्तरांत करावी. जुनें दप्तर कोणास लंगडें करीत नाहीं.

खरेदी सायंकाळीं करावी, कारण दिवसभराच्या वावरानें पाय किंचित् फुगलेले असतात. शाळेचे मोजे बरोबर न्यावे. दोन्ही पावलें उभ्यानें मोजावीं आणि मोठ्या पावलाचें माप धरावें. दोन्ही अगदीं सारखीं क्वचितच असतात. दिव्यांची उघडझांप करणाऱ्या बुटांसाठीं जो हट्ट चालतो तो मात्र पायाचा नव्हे, डोळ्यांचा! त्याची समजूत निराळी घालावी. पायांस नीट बसणारे दोन जोड समोर ठेवून त्यांतील निवड मुलावर सोंपविली कीं तो हट्ट बराच नरम पडतो, असा आमचा अनुभव आहे.

शाळेंतून आल्यावर मूल बूट भिरकावून अनवाणी पळूं लागलें तर आजी त्याची बाजू घेते, आणि तिच्या बाजूस शास्त्राचाहि आधार आहे. डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनीं ४ ते १३ वर्षांच्या २,३०० भारतीय मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. पादत्राणें वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचें प्रमाण शेंकडा ८.६, तर अनवाणी वाढणाऱ्यांत शेंकडा २.८ आढळलें; आणि बंद बुटांपेक्षां चपला-सँडल वापरणाऱ्यांत तें कमी होतें. शाळेच्या नियमापुढें आपला इलाज नाहीं, पण घरांत तरी मुलाच्या पायांस मोकळीक असूं द्यावी.

आमच्या नातवाच्या कपाटाच्या दाराआड आतां पावलांच्या आकृति चिकटविलेल्या आहेत. दर दोन महिन्यांनीं तो नव्या कागदावर उभा राहतो, आजी रेघ ओढते, तारीख घालते, आणि रेघ बुटाच्या कडेशीं येऊं लागली कीं दुकानाची आठवण तोच आम्हांस करून देतो.

राहतां राहिला पाऊस. भिजलेले बूट उन्हांत किंवा शेगडीजवळ ठेवूं नयेत, चामडें तडकतें. चिखल ओल्या फडक्यानें पुसून, आंत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते वाऱ्यावर सांवलींत ठेवावे, आणि निजण्यापूर्वीं बोळे एकदां बदलावे. हें काम मुलाकडेच द्यावें. वर्तमानपत्र मात्र आजचें नाहीं ना, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं पाहावें.