घरच्या कामाचीं जुनीं हत्यारें

दार अडकलें किंवा पाटाचा पाय निखळला, कीं पूर्वीं सोलापुरांत आळींतल्या सुताराला निरोप धाडीत आणि काम होत असे. आतां एवढ्याशा कामाला कारागीर मिळणें कठीण, आणि मिळालाच तर त्याची मजुरी पाटाच्या किंमतीला भिडते. त्यामुळें जिन्याखालीं एक जाड फळी टाकून तेथें स्वतः कांहीं करण्याची हौस पुष्कळ सुशिक्षित घरांतून दिसून येते. हौस चांगली, पण तिचा आरंभ बहुधा चुकीच्या ठिकाणीं होतो. दुकानांत शंभर नगांची चकचकीत पेटी दिसते, भाव बेताचा असतो, आणि गृहस्थ ती उचलून आणतो. थोड्याच दिवसांत पेचकसाचें टोंक वळतें, पान्याचा जबडा ढिला होतो व पेटी माळ्यावर जाते. शंभरांतले बहुतेक नग लागणारच नव्हते, आणि जे चार-पांच लागले त्यांत चांगलें पोलाद नव्हतें.

त्याच पैशांत चार-पांच खरीं हत्यारें येतात. मात्र तीं जुन्या मालांतून पारखून घ्यावीं लागतात.

या कामीं सोलापूर भाग्यवान गांव आहे. 1877 सालीं येथें जुनी गिरणी निघाली. मागून इतर आल्या आणि कालांतरानें एकेक करून बंदही पडल्या. पूर्व भागांत व अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रमागांचा खडखडाट मात्र राहिला. जेथें माग आहे तेथें तो दुरुस्त करणारा फिटर असतोच, आणि त्यानें टाकून दिलेला माल भंगाराच्या दुकानीं येतो. दुकानदार तो वजनावर घेतो. त्याच्या तराजूंत पटाशी आणि गंजका खिळा सारखेच. (सगळेच दुकानदार इतके भोळे नसतात, हेंही ध्यानांत ठेवावें.) झिजून टाकलेला धोटासुद्धां सोडूं नये. त्याचें लाकूड घट्ट व गुळगुळीत असतें. मधला पोकळ भाग कापून व लोखंडी टोंक काढून टाकलें, कीं उरलेल्या भरीव भागाची कानशीला उत्तम मूठ होते.

आतां पारख कशी करावी तें पाहूं. कांहीं जुन्या विलायती पटाशांवर व रंध्याच्या पात्यांवर इंग्रजींत ‘कास्ट स्टील’ अशी मुद्रा असते. नांवावरून तें बीड असावें असें वाटतें, पण तसें नव्हे. शेफील्ड येथें बेंजामिन हंट्समन यानें 1740 च्या सुमारास मुशींत पोलाद वितळवून तें एकजिनसी करण्याची रीत काढली. त्या पोलादाची ही खूण. वर गंज चढला असला तरी असें पातें हातचें जाऊं देऊं नये. मुद्रा नसल्यास एक बारीक कानस खिशांत न्यावी आणि धारेजवळ हलकेंच फिरवावी. ती घसरून गेली तर पात्याचें पाणी शाबूत आहे. सहज चावली तर पातें मऊ पडलें आहे. धारेजवळ निळा डाग दिसला तर समजावें कीं कोणी तरी धार लावतांना तें फिरत्या चाकावर तापविलें. साधें पोलाद सुमारें 300 अंश सेल्सिअसला निळें होतें आणि त्याचें पाणी उतरतें. डाग लहान असेल तर तेवढा भाग घासून टाकतां येतो.

गुण्याची परीक्षा दुकानांतच होते. सरळ कडेच्या फळीवर तो लावून रेघ ओढावी, मग उलटा करून त्याच जागीं दुसरी ओढावी. दोन्ही जुळल्या तर काटकोन खरा. करवत डोळ्यासमोर धरून पात्याच्या लांबीवर नजर टाकावी. शेगडा, म्हणजे कारखान्यांतला व्हाइस, घेतांना त्यावर हातोडीची हलकी टिचकी द्यावी. आवाज बद्द आला तर तडा शोधावा. मळसूत्र शेवटपर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

काटकसर कोठें करूं नये, हें याहून महत्त्वाचें. कानस नवीच घ्यावी. झिजलेल्या कानशीला घरीं दांते येत नाहींत. शिवाय जुन्या कानशीची पहार किंवा छिन्नी करण्याचा मोह कित्येकांना होतो. तिचें पोलाद कांचेसारखें ठिसूळ असतें. घाव बसतांच त्याची कपची उडून डोळा जाऊं शकतो. एका हातोडीनें दुसऱ्या हातोडीच्या तोंडावर मारणें हेंही तितकेंच घातक. जुनें विजेचें गिरमिट, त्याची वायर तडकलेली असेल तर, फुकट मिळालें तरी घेऊं नये. संरक्षक चष्म्याचा खर्च हातोडीच्याही आधीं धरावा.

आणलेलीं पोलादी हत्यारें रात्रभर चिंचेच्या कोळांत बुडवून ठेवावीं. मात्र लाकडी मुठी बाहेर ठेवाव्या. सकाळीं तारेच्या ब्रशानें घासून स्वच्छ पाण्यानें धुवावीं, लगेच कोरडीं करावीं आणि तेलाचा हात फिरवावा. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळें येथें गंज कोंकणाइतका लवकर धरत नाहीं. पावसाळ्यांत मात्र तेलाचा बोळा जवळ असावा. पेटीचे जे पैसे वांचले त्यांतून एक चांगला निसणा घ्यावा. पटाशी त्यावर पाणी टाकून एकाच कोनांत धरून घासावी. सागाच्या तुकड्याच्या कापल्या टोंकावरून ती चालवली असतां तंतू न चुरडतां गुळगुळीत काप निघाला, कीं पटाशी कामाला तयार झाली.